निसानची चौदा की पंधरा?

येशूला क्रुसावर दिले तो शुक्रवार होता, याबद्दल चारही शुभवर्तमानांत दुमत नाही. घोळ आहे तो तारखेचा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मत्तय, मार्क आणि लूक आदल्या रात्रीचे भोजन वल्हांडण या ज्यू सणाचे मानतात, म्हणजे तो शुक्रवार निसान या ज्यू महिन्याची 15. योहानाच्या कथनात मात्र येशूला रोमन सुभेदार पिलाताकडे नेणारे त्याच्या वाड्यात शिरत नाहीत. विटाळ झाला तर वल्हांडण जेवता येणार नाही, ही त्यांना भीती. भोजन अजून व्हायचे आहे, म्हणजे तारीख 14, मंदिरात कोकरे कापण्याची.

आजच्या ज्यू पंचांगात वल्हांडणाचा पहिला दिवस, म्हणजे 15 निसान, शुक्रवारी येतच नाही. एवढ्यावर योहानाच्या बाजूने निकाल देणे सोपे, पण चुकीचे. हा नियम नंतरच्या, गणिती पंचांगाचा. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात वल्हांडणाच्या कोकराची उरलेली हाडे 16 निसानला जाळायला सांगितली आहेत, आणि ती तारीख शब्बाथला आली तर 17ला. सोळावी शनिवारी येणे शक्य असेल, तर पंधरावी शुक्रवारी येणेही शक्यच. हा पुरावा योहानाच्या विरोधात नाही. फक्त त्याच्या बाजूची एक सोपी सबब काढून घेतो.

पहिल्या शतकात महिना चंद्रकोर दिसल्यावर लागे. साक्षीदार यरुशलेममध्ये येत, न्यायसभा त्यांची उलटतपासणी घेई. महिना 29 किंवा 30 दिवसांचाच, त्यामुळे ढग आले तरी चूक एका दिवसाची. खरी अडचण वाढीव महिन्याची. आपल्याकडचा अधिक मास गणिताने ठरतो. तिथे शेतातला जव, ऋतू पाहून ठरवत. मिश्नाला पूरक अशा तोसेफ्ता या ग्रंथात रब्बान गमालिएल या धर्मगुरूचे एक पत्र आहे: कोकरे कोवळी, पारवे लहान, जव तयार नाही, म्हणून वर्षात 30 दिवस वाढवले. अशा निर्णयांची वर्षवार नोंद उरलेली नाही. न्यूटनने क्रुसाच्या दिवसासाठी निवडलेला 23 एप्रिल 34 हा शुक्रवार असा वाढीव महिना धरला तरच बसतो.

पिलाताची कारकीर्द 26 ते 36. त्यात 14 निसान शुक्रवारी येणाऱ्या भक्कम तारखा दोनच: 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33. पंधरावी धरली तर 11 एप्रिल 27 पुढे येतो, पण लूकच्या हिशेबाने योहान बाप्तिस्ता तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे 28-29च्या सुमारास, उपदेश करू लागला. 27 तिथेच बाद.

3 एप्रिल 33च्या संध्याकाळी यरुशलेमात चंद्र ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवला, हे गणित हंफ्रीज आणि वॉडिंग्टन यांनी 1983 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. त्या संधिप्रकाशात ते ग्रहण कितपत दिसले असेल यावर वाद आहे. मी त्याला फार वजन देत नाही. शुभवर्तमानांतल्या क्रुसाच्या दिवशीच्या दुपारच्या अंधाराला सूर्यग्रहण म्हणणे तर पौर्णिमेच्या आसपास अशक्यच.

उरतो 30 की 33 हा प्रश्न. मंदिराच्या बांधकामाला 46 वर्षे झाली, हा योहानाचा उल्लेख इतिहासकार जोसेफस एका ग्रंथात सांगतो तसा हेरोद राजाच्या अठराव्या वर्षापासून मोजला तर 30 जुळते. पण तेच बांधकाम तो दुसऱ्या ग्रंथात पंधराव्या वर्षी सुरू करतो. लूकने दिलेल्या तिबिर्याच्या राज्यवर्षापासून पुढे योहानाची तीन वल्हांडणे बसवायची, तर 30ला जागा अपुरी पडते. म्हणून माझा कल 33कडे आहे. यात दिवस योहानाचा आणि वर्ष लूकचे घेतले आहे, आणि या दोघांचे तारखेवर एकमत नाही, हा आक्षेप त्या निष्कर्षावर कायम राहतो.