लोंढा जंक्शन : रुळांनी वाढवलेलं गाव

बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला लोंढा वेगळं सांगावं लागत नाही. पण जंगलातलं हे खेडं जंक्शन कसं झालं?

१८७८ साली इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि मुरगाव बंदरातून घाट चढून रेल्वे आणायचं ठरलं. पोर्तुगीज हद्दीतली लाइन कॅसलरॉकपर्यंत, पुढचे रूळ सदर्न मराठा रेल्वेचे. लोंढ्यात वाटा फुटल्या : एक बेळगाव-मिरज-पुण्याकडे, एक धारवाड-हुबळीकडे, एक गोव्याकडे. पुण्या-मुंबईहून रेल्वेनं गोव्याला जाणारा प्रत्येक जण इथूनच जायचा. गाड्या थांबायच्या, इंजिनं पाणी भरायची, म्हणून क्वार्टर्स आले, हमाल आले, चहावाले आले. बाजारात मराठी, कोकणी, कन्नड सगळं चालायचं.

मग १९५५ ची गोव्याची नाकेबंदी. हद्दीपलीकडची गाडी बंद, ती सुरू झाली १९६१ च्या मुक्तीनंतरच. नव्वदच्या दशकात मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. पण १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईचा गोवेकर थेट रत्नागिरीवरून जाऊ लागला.

गाव तेच, रूळही आहेत. पण लोंढ्याचं नशीब लंडन, लिस्बन नाहीतर दिल्लीत ठरलं, लोंढ्यात कधीच नाही. रेल्वेवर वाढलेल्या गावांचं हेच असतं बघा.

तुमच्या घरातलं कोणी लोंढ्याला नोकरीला होतं का? त्यांच्याकडून ऐकलेलं जरूर लिहा.