नेपल्सच्या ओतशाळेत

अहो, बाजूला व्हा, मागून घोडागाडी येतेय! नेपल्सच्या गल्ल्यांत असं वर बघत चालायचं नसतं. वर या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत ठिबकणारी धुणी. खाली मासळी, लीद आणि उकळत्या मॅकरोनीची वाफ. साल 1890च्या आसपासचं धरा. किउराझ्झींच्या ओतशाळेत शिरायचंय, कोट आधीच काढून ठेवा.

आत पाऊल टाकताच झळ लागते. कानशींची करकर, छिन्न्यांची टकटक, त्यावर कडी करत कुणीतरी खड्या आवाजात गातंय. तुमच्या पुढ्यात मेणाचा फॉन, रोमनांचा रानदेव, नाचतोय. हात वर, शेपूट वळलेली, उंची जेमतेम 71 सेंटिमीटर. मूळ पुतळा पॉम्पेईत सापडला, तो इथल्याच संग्रहालयात आहे. म्हातारा ओतारी तापवलेली बारीक सळी फॉनच्या दाढीवरून फिरवतो. एक बट बसलेली असते, ती उचलतो. चरचर होते, मेणाचा धूर नाकात जातो. जरा वाका, बघा: बट आता वाऱ्यानं उडाल्यासारखी झाली. हे काम साचा करत नाही, हात करतो.

मग मेणावर मातीचे लेप, भट्टी, मेण वितळून बाहेर. राहते ती पोकळी.

मूस उचलली! मागे सरका! हजार अंशांवर तापलेलं कांसं पांढरट पिवळ्या धारेनं साच्यात उतरतं. तुमच्या भुवया करपल्यासारख्या होतात, सदरा पाठीला चिकटतो. गाणं थांबलेलं असतं. साचा भरेपर्यंत कुणी बोलत नाही.

पुतळा साच्यातून निघाला की प्रश्न येतो: "सिन्योर, रंग कोणता? पॉम्पेई की हर्क्युलेनियम?" पॉम्पेई म्हणजे कळकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा, हर्क्युलेनियम म्हणजे काळपट. दोन्ही गावं एकाच व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडली, पण वर साचलेला थर वेगळा, म्हणून धातूचा रंगही वेगळा. इथे तो आम्लानं आणि कुंचल्यानं चढतो. डोळ्यांना पाणी येतंय ना? थोडं सोसा, असा हिरवा उतरताना पुन्हा कुठे बघायला मिळणार!

याला नक्कल म्हणून नाक मुरडू नका. दिवाणखान्यात ठेवायला फॉन नेणाऱ्या प्रवाशाला ठाऊक असतं, आपण काय घेतोय ते. आणि आज कॅलिफोर्नियातल्या गेटी व्हिला संग्रहालयाच्या बागेत गेलात, तर तळ्याकाठचे कांस्यपुतळे निरखून पाहा. ते किउराझ्झींच्याच साच्यांतून उतरलेले आहेत.