कातड्यातले प्रथिन आणि एक जुना समज

कातडी कमावण्याचा धंदा मुळातच घाणेरडा. त्यातली दुर्गंधी कुणाला टाळता येणार नाही. म्हणून तो गावाबाहेर, जमल्यास जिल्ह्याबाहेरच बरा. मुखेड-कंधारपासून उदगीर-लातूरपर्यंत शिकलेली माणसेही हे निःशंकपणे सांगतात. लाल कंधारी आणि देवणी गुरांचा, उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख. तरी इथले कातडे मीठ लावून व्यापाऱ्यामार्फत बाहेर जाते आणि त्याचे चामडे दुसरीकडेच होते. हे मत तपासले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्यावरच चुकीचा निष्कर्ष उभा आहे.

आधी पूर्वपक्षाचे बळ मान्य करू. पालार नदीचे खोरे नासवणाऱ्या तमिळनाडूतल्या टॅनऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यात कडक निकाल दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. रूढ पद्धतीत एक किलो कच्च्या कातड्याला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याने याला भ्यावे, यात गैर काही नाही.

पण घाण येते कुठून? केस काढण्यासाठी कातडी चुना आणि सोडियम सल्फाइडच्या हौदात घालतात. केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्टपणा देणारे गंधकाचे बंध सल्फाइड तोडते, केस विरघळतात आणि त्यांचा लगदा सांडपाण्यात उतरतो. टॅनरीच्या सांडपाण्याचा सेंद्रिय भार मोठ्या प्रमाणात याच टप्प्यावर तयार होतो. या पाण्याची आम्लाशी गाठ पडली की जीवघेणा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. म्हणजे ज्याला आपण धंद्याची उपजत घाण म्हणतो, ते बरेचसे आपणच विरघळवून नाल्यात सोडलेले प्रथिन आहे.

यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. कातडे मऊ करण्यासाठी पूर्वी युरोपात कुत्र्याची विष्ठा वापरत. त्यात काम करतात ती विकरे, म्हणजे एन्झाइम, हे ओळखून ओटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1907च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडातल्या विकरांपासून ‘ओरोपॉन’ तयार केले. किळसवाणा मानला गेलेला एक टप्पा त्याने स्वच्छ करून दाखवला. केस काढण्याचे कामही प्रोटिएज या विकराकडून होते. ते केसाच्या मुळाभोवतीची प्रथिने सोडवते, केस अखंड गळतो आणि जाळीने गाळून वेगळा काढता येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने यावर दीर्घकाळ काम केले आहे. सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजांवरचा 1998 सालचा, जगभर आधाराला घेतला जाणारा आढावा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून लिहिला गेला. आपल्या शेजारच्या लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातही प्रोटिएज तयार करणारे जिवाणू संशोधकांना सापडले आहेत.

विकरे आली की सगळे साफ झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. चुना कातड्याचे तंतू फुगवून मोकळे करतो, ते काम प्रोटिएजला नीट जमत नाही. त्यासाठी अमायलेजसारख्या दुसऱ्या विकरांचे प्रयोग झाले. विकरात कातड्याचे मुख्य प्रथिन, म्हणजे कोलॅजेन, तोडणारा अंश असला किंवा वेळ चुकली, तर कातड्याचा पृष्ठभागच खराब होतो. मीठ आणि कमावणीत वापरले जाणारे क्रोमियम यांवर विकरांचा इलाज नाही. पण या त्रुटी कौशल्याच्या आणि व्यवस्थेच्या आहेत. धंदा उपजत घाणेरडा असल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही.

प्रथिन परत मिळवण्याचे काम तितकेच महत्त्वाचे. अखंड केस नत्रयुक्त खत होतो. क्रोम चामडे तासताना निघणाऱ्या भुश्यावर अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी अल्कधर्मी प्रोटिएज वापरले आणि जिलेटिन, प्रथिनांचा अर्क व क्रोमियम वेगवेगळे काढून दाखवले. क्रोमियम न काढता हेच केले तर काय होते, ते ढाक्याच्या हजारीबागेत दिसले: टॅनरीचा कचरा कोंबड्यांच्या खाद्यात गेला आणि त्याबरोबर क्रोमियमही. म्हणून पहिली अट अशी की प्रथिन क्रोमियम लागण्यापूर्वीच वेगळे काढावे.

सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. मेलेली ढोरे ओढण्याचे लादलेले काम नाकारणे हाही त्यांच्या चळवळीचा भाग होता. तो नकार न्याय्य होता आणि आहे. जन्माने चिकटवलेला धंदा परत आणा, असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण चूक होती ती काम जातीवर लादण्यात आणि ते उघड्या हातांनी करायला लावण्यात. काम प्रशिक्षणाचे झाले, बंद पिंपात मोजून-मापून होऊ लागले, तर ते कोणत्याही घरातली सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर मुलगी करेल. तंत्र एकटे जात मोडणार नाही. पण ‘हे काम त्यांचेच’ म्हणणाऱ्यांच्या हातातली घाणीची सबब ते काढून घेईल.

मग मुखेडसारख्या तालुक्याने काय करावे? मोठी क्रोम टॅनरी मागू नये. शेळीच्या कातड्यांचे लहान सामायिक केंद्र मागावे: केस विकराने काढायचे, कमावणी बाभळीच्या सालीने आणि माळावरच्या तरवडाने. ओले कातडे सव्वा किलोचे धरले, तर जुन्या हिशेबानेही शंभर कातड्यांना चार-पाच हजार लिटर पाणी लागेल. हा आकडा एका टँकरचा आहे, आणि पाणी पुन्हा वापरले तर तो आणखी खाली येईल. लागणारे विकर कोणते आणि किती, हे तपासणे नांदेडच्या विद्यापीठाच्या आणि तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे. घाण अटळ आहे असे म्हणणाऱ्यांनी निदान हा प्रयोग होऊ द्यावा. तोवर त्यांच्या मताला निष्कर्षाचा मान देता येणार नाही.