शेवटच्या दोन सेकंदांआधी

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." गाडी शिकवणारा मोठा भाऊ, मामा किंवा शेजारचा मित्र, कोणी ना कोणी हे सांगतोच. सल्ला मायेचा असतो आणि अनुभवातून आलेला असतो. खडीवर किंवा ऐन वळणात पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर चाक जाम होते, गाडीचा तोल जातो आणि माणूस खरोखरच पडतो. पण सरळ, कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद त्या क्षणी पुढच्या ब्रेकमध्येच असते. तो हळूहळू पण जोर वाढवत दाबायला जो कधी शिकलाच नाही, तो मागचे चाक घसटत समोरच्या ट्रकपर्यंत पोचतो. अशा सल्ल्यातले खरे किती आणि जिवावर बेतणारे किती, हे तपासून पाहण्याचे शास्त्र म्हणजे दुचाकीस्वाराच्या सुरक्षिततेचा अभ्यास. त्याची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही या विषयात वाचावा लागतो. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालकांनी कुठेही रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ते स्वतःच शिकले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. संकट सुरू झाल्यापासून धडक बसेपर्यंत बहुतेकांच्या हाती दोन सेकंदही नव्हते, आणि त्या वेळात पुष्कळांनी मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा कमी वापरला होता. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत साधारण दोन तृतीयांश वेळा दुसऱ्यानेच मोटारसायकलवाल्याचा रस्ता अडवला होता. हा अहवाल परक्या देशातला, जुना आणि वेगळ्या रहदारीचा आहे. त्यातले आकडे जसेच्या तसे सोलापूर किंवा नाशिकला लावणे चूक ठरेल. तपासाची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

त्या दोन सेकंदांचा ढोबळ हिशेब करून पाहू. रस्ता कोरडा आहे, दोन्ही ब्रेक नीट लागतात आणि धोका ओळखून हात ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो, असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीपुढे दोन सेकंदांच्या अंतरावर, म्हणजे सुमारे २२ मीटरवर, बैल आडवा आला, तर ती जेमतेम थांबते. तीच गाडी ६० वर असेल तर दोन सेकंदांचे अंतर ३३ मीटर होते, पण थांबायला जवळजवळ ४० लागतात. बैलावर ती आदळते तेव्हाही तिचा वेग तिशीच्या पुढे असतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, हा त्याचा मोठा गुण; पण उशिरा दिसलेला बैल त्यामुळे लवकर दिसत नाही. म्हणून शिकण्याचा खरा भाग नजरेचा आहे: गल्लीच्या तोंडाशी दिसणारे मोटारीचे नाक, उभ्या रिक्षाचे वळलेले चाक, पहिल्या पावसात चकाकणारा तेलकट पट्टा.

हेल्मेटबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे वादाला जागा उरलेली नाही. 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवरचा, हेल्मेटचे महत्त्व सांगणारा त्यांचा निबंध १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जगभरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २००८ साली घेतलेला आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे काम मुख्यतः आतला थर्माकोलसारखा थर करतो. स्वतः चेपून तो आघात शोषतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोक्याआधीच निघून जाते. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आपल्या शहरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत, असे मला कळकळीने वाटते.

प्रशिक्षणाबाबत मात्र इतका भक्कम पुरावा हाती नाही. त्यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०१० साली झाला आणि उपलब्ध अभ्यासांच्या दर्जावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे त्याने नमूद केले. प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. काय शिकवावे, किती काळ शिकवावे आणि परिणाम कसा मोजावा, हे अजून ठरायचे आहे. परवान्यासाठी आठचा आकडा काढून दाखवणाऱ्याचा संथ गतीतला तोल कळतो. पन्नासच्या वेगात तो कसा थांबेल, हे त्यातून कळत नाही. नव्या संशोधकाला इथे मोकळे रान आहे.

अपघातानंतरचा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिला. अमेरिकेतील विल्यम हॅडन यांनी अपघाताचे आधी, दरम्यान आणि नंतर असे तीन टप्पे पाडले, आणि तिसऱ्यातही माणूस वाचवता येतो हे ठसवले. आपल्याकडे गर्दी जमते, कोणी पाणी पाजते, कोणी हातपाय धरून जखमीला रिक्षात कोंबते. मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या उचलण्यानेच ती वाढू शकते. आधी मागून येणारी वाहने थांबवावीत, १०८ किंवा ११२ ला फोन करावा, वाहते रक्त फडक्याने दाबून धरावे. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नये, काच तेवढी वर करावी. काढावेच लागले तर दोघांनी काढावे: एकाने मान स्थिर धरायची, दुसऱ्याने हेल्मेट सरकवायचे. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने मागे सरणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे, हे गावोगाव सांगितले गेले पाहिजे.

या विषयात यायला अभियंता किंवा डॉक्टर असण्याची अट नाही. गॅरेजवाला, परिचारिका, डिलिव्हरी करणारा मुलगा, शाळेतली शिक्षिका यांच्याजवळ असलेली माहिती ग्रंथालयात मिळत नाही. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून मागे बसलेल्या बाईचा तोल अचानक ब्रेक लागल्यावर कसा जातो, पदर चाकात गेला तर काय होते, हे आपल्याच रस्त्यांवर अभ्यासावे लागेल. तसाच गळिताचा हंगाम. कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, काहींना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती ट्रॉली किती मीटरवरून दिसते, आणि चिखल पुसून साधी लाल पट्टी चिकटवली तर किती मीटरवरून दिसेल? एक हंगाम, एक मोजपट्टी आणि कारखान्याची परवानगी मिळाली, तर एखाद्या महाविद्यालयाचा गट याचे उत्तर काढू शकेल.