कोसबाडची टेकडी आणि जव्हारची वाडी

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत पावसाळ्यांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, आणि शिमगा उलटतांच हंडाभर पाण्यासाठीं वणवण सुरू होते. नागली-वरई खळ्यांतून घरीं आली कीं माणसें वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. त्यांच्यामागें मुलें जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर नांवें तेवढीं उरतात. अशा मुलुखांत फळबागेचें शिक्षण द्यावयाचें, तर त्याचा अभ्यासक्रम कोणी आखावा? शाळेनें, कीं ज्याची बाग आहे त्यानें?

या प्रश्नाची सुरुवात डोंगरांत नव्हे, समुद्रकांठीं झाली. डहाणू तालुक्यांत घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या बागा नांवाजलेल्या. तेथें वारली मजूर राबे. झाडाची पारख त्याच्या हातांत होती, परंतु झाड त्याचें नव्हतें. जवळच कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था उभी राहिली. जयंतराव पाटील यांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलें गेलें. त्याच टेकडीवर १९५७ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ बोर्डीहून आपलें बालशिक्षणाचें कार्य घेऊन आल्या. गुरें राखणारा मुलगा शाळेंत येईना, म्हणून त्यांनीं शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळेंत फलोद्यान शिकवीत नसत, हें खरें. परंतु मुलाच्या दिवसाप्रमाणें शाळेनें वळावें, हा धडा पुढील साऱ्या प्रयत्नांना पुरला असता.

सरकारी विचार थोडा मागून आला. कोठारी आयोगानें (१९६४–६६) व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरला. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशीवरून १९७४ सालीं पाँडिचेरीस देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र निघालें, आणि १९७६ सालीं कोसबाडास तसेंच केंद्र आलें. येथें पदवी नाहीं. शेतकऱ्यानें यावें, हातानें करावें व शिकून जावें, एवढाच दंडक. उच्च माध्यमिक शाळांतून उद्यानविद्या हा विषय पुढें १९८८ नंतरच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमांतून आला, व विद्यार्थ्यानें प्रत्यक्ष कामावर अनुभव घ्यावा अशी त्यांत योजना होती.

पण कारखाना बारमाही चालतो, बाग चालत नाहीं. आंब्याचें कोयकलम घ्या. कोय रुजून पंधरा-वीस दिवसांचें, तांबूस पानांचें रोप झालें कीं तेव्हांच कलम बांधावें लागतें; पानें हिरवीं होऊन खोड टणक झालें कीं वेळ टळली. हें काम ऐन पावसाळ्यांतलें. वेळापत्रकांत हा पाठ जानेवारींत ठेवला, तर तो फळ्यावरच राहणार. ही गोष्ट शिक्षकापेक्षां रोपवाटिकेच्या मालकाला अधिक कळते, आणि म्हणूनच त्याला अभ्यासक्रमाच्या बैठकींत बसविणें हें उपचारापुरतें नव्हे.

जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तरी दारिद्र्य विलीन झालें नाहीं. १९९२ सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं तें साऱ्या महाराष्ट्रापुढें उघडें पडलें. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेनें गुजरातेंत वांसद्यास १९८२ पासून 'वाडी'चा प्रयोग केला होता. एकरभर जमिनींत आंबा-काजूचीं कलमें, मधून आंतरपीक, कडेनें वनझाडें. तोच प्रयोग पुढें जव्हारकडे आला. येथें बाग मजुराच्या मालकीची झाली, आणि शिक्षणाचें गणितच पालटलें. कोंवळ्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे हातानें पाणी घालावें लागतें. म्हणजे कुटुंबांतील कोणी तरी घरीं राहिलें पाहिजे. आणि घर उघडें राहिलें, तर मूल शाळेंत टिकण्याची आशा असते.

परीक्षाही बाजारच घेतो. जव्हार-विक्रमगडकडील मोगरा मुंबईस दादरच्या फूलबाजारांत जातो. उमललेल्या फुलाला तेथें भाव नाहीं. कळी मिटलेली असतांनाच खुडून पाठवावी लागते. ती खुडावयाची उजाडतां उजाडतां, शाळेची घंटा होण्याच्या कितीतरी आधीं.