स्कोमर बेट

स्कोमर हे वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यालगत असलेले खडकाळ बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.९ चौ. किमी. असून १९५९ पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. समुद्रपक्ष्यांच्या, विशेषतः मँक्स शिअरवॉटर आणि पफिन यांच्या वसाहतींसाठी हे बेट प्रसिद्ध आहे.

भूरचना

बेट मुख्यतः ज्वालामुखीजन्य खडकांचे बनलेले आहे. उत्तरेकडून व दक्षिणेकडून दोन लहान उपसागर आत शिरल्याने पूर्वेकडील भाग मुख्य बेटाशी केवळ एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला आहे. कडे उभे असून माथा सपाट व जवळजवळ वृक्षहीन आहे. येथे उंदीर, मांजर व कोल्हा नाहीत. त्यामुळे जमिनीत बिळे करून राहणाऱ्या पक्ष्यांना हे बेट सुरक्षित ठरते. स्कोमर व्होल हा कृंतक प्राणी मुख्य भूमीवरील बँक व्होलचा उपप्रकार असून तो केवळ येथेच आढळतो. आखूड कानाचे घुबड दिवसाउजेडीही त्याची शिकार करताना दिसते.

वसंत ऋतू

मार्चअखेरीस पफिन समुद्रावरून परततात. मादी बिळात एकच अंडे घालते. मे महिन्यात ब्लूबेलच्या निळ्या व रेड कॅम्पियनच्या गुलाबी फुलांनी पठार झाकले जाते. कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल व किटीवेक दाटीवाटीने बसतात. गिलेमॉट घरटे बांधत नाही. त्याचे निमुळते अंडे उघड्या खडकावरच असते.

उन्हाळा

जून-जुलैत पफिन चोचीत सँडईल मासे आडवे धरून पिलांकडे येतात. गिलेमॉटची पिले सुमारे तीन आठवड्यांची होताच, उडता येत नसतानाही, कड्यावरून समुद्रात झेपावतात. पुढे पिता त्यांचा सांभाळ करतो. जुलैअखेर पफिन बेट सोडतात.

शिअरवॉटर मात्र रात्री पाहावा लागतो. त्याचे पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने तो जमिनीवर धडपणे चालू शकत नाही आणि मोठ्या कुरवांच्या तावडीत सापडतो. म्हणून तो अंधार पडल्यावरच बिळाकडे येतो. चांदण्या रात्री फार थोडे पक्षी उतरतात. २०१८ च्या गणनेत येथे सुमारे साडेतीन लाख जोड्या आढळल्या. ही या जातीची जगातील सर्वांत मोठी वसाहत आहे.

शरद आणि हिवाळा

ऑगस्टअखेरीपासून शिअरवॉटर दक्षिण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडे निघतात. आईवडील आधी जातात. पिलू काही दिवस उपाशी राहून, कोणीही वाट दाखवण्यास नसताना, त्याच मार्गाने जाते. शेजारच्या स्कोकहोम बेटावरील एक पक्षी १९५२ मध्ये बॉस्टनहून सोडला असता साडेबारा दिवसांत परतला होता. शरद ऋतूत राखाडी सील किनाऱ्यावर पांढऱ्या लोकरीच्या पिलांना जन्म देतात. सुमारे तीन आठवड्यांत माता पिलांना सोडून जातात. हिवाळ्यात कडे रिकामे होतात व वादळी लाटा बेटावर आदळतात.

अभ्यास व संवर्धन

१९३० च्या दशकात येथे सुमारे एक लाख गिलेमॉट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतर ही संख्या काही हजारांवर आली. समुद्रात सांडलेले तेल हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पक्षितज्ज्ञ टिम बर्कहेड यांनी १९७२ पासून या पक्ष्यांचा अभ्यास सुरू ठेवला. २०१३-१४ च्या हिवाळी वादळांत हजारो समुद्रपक्षी मरण पावले. त्याच सुमारास अभ्यासाचे शासकीय अनुदान थांबल्याने तो लोकवर्गणीतून चालवावा लागला. गिलेमॉट दीर्घायुषी असून वर्षाला एकच अंडे घालत असल्याने अशा आघातातून सावरण्यास वसाहतीला अनेक वर्षे लागतात. ते समजण्यासाठी सलग नोंदी आवश्यक असतात.

पर्यटन

एप्रिल ते सप्टेंबर या काळात मार्टिन्स हेवन येथून बोट सुटते. दैनंदिन प्रवेशसंख्या मर्यादित असते. जमीन बिळांनी पोखरलेली असल्याने पायवाट सोडल्यास अंडे किंवा पिलू पायाखाली चिरडले जाऊ शकते. उंदीर बेटावर पोहोचू नयेत म्हणून प्रवाशांनी आपले सामान चढण्यापूर्वी तपासणे अपेक्षित असते.