१७. व्हर्श
लिनक्सवरील आभासी संगणक टाइप केलेल्या आज्ञांनी सांभाळण्याचे साधन. रेड हॅटने २००५ मध्ये सुरू केलेल्या मुक्तस्रोत ‘लिबव्हर्ट’ प्रकल्पाचा भाग. नागपुरातील गांधीबागेच्या घाऊक कापडबाजारासारख्या ठिकाणी जुन्या विंडोजवरचा हिशेबाचा प्रोग्राम नव्या यंत्रावर जिवंत ठेवायला ते फार उपयोगी. आधी बायोसमध्ये प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू करावी; नेमके हेच पुष्कळदा राहून जाते, आणि मग २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात असलेले, आभासी संगणक चालवणारे ‘केव्हीएम’ वापरता येत नाही. उबुंटूवर ‘अ‍ॅप्ट’ या आज्ञेने लिबव्हर्टची सेवा व आज्ञांचा संच, असे दोन्ही बसवतात. वापरकर्त्याला ‘लिबव्हर्ट’ गटात घालून पुन्हा लॉगिन केले, की ‘व्हर्श लिस्ट’ ही आज्ञा चालू असलेल्या आभासी संगणकांची यादी दाखवते.